नूतनीकरणाआधी पायाचा खड्डा तपासा

महोदय,

सरकारी बांधकामांच्या ठेकेदारांची नोंदणी नूतनीकरणाला येते, तेव्हा उलाढालीच्या दाखल्याइतकेच वजन चालू कामावरील सुरक्षिततेला द्यावे. ऑस्ट्रेलियात केंद्राचा पैसा असलेल्या मोठ्या बांधकामांसाठी ठेकेदाराला वेगळी सुरक्षा-मान्यता लागते. त्यासाठी तपासनीस प्रत्यक्ष साइटवर जातात.

मराठवाड्यात ही तपासणी पायाच्या खड्ड्यापासून सुरू व्हावी. आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी उभी राहते, म्हणून आधार न देताच सरळ खोदत जातात. पण तिच्या भेगा खोलवर गेलेल्या असतात. पहिल्या पावसाचे पाणी त्यांत उतरले की उभा कडा खालच्या मजुरांवर कोसळतो. दीड मीटरपेक्षा खोल खंदकाला फळ्या-वाशांचा आधार किंवा पुरेसा उतार हवाच. उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांत जे जास्त तितकी लांब टाकावी. जेसीबीवाले नेमका काठावरच ढीग लावतात. शिडी काठाच्या वर किमान 90 सेंटिमीटर यावी.

हे मोजायला एक टेप पुरतो. तारखेसह फोटो अर्जाला जोडणे सक्तीचे करावे आणि जूनमध्ये न कळवता एक भेट द्यावी.

— एक स्थापत्य अभियंता, परभणी