ऊर्जामंत्री साहेब, टॉवरच्या जॉइंटमधला तो इपॉक्सीचा थर बघा

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, स.न.वि.वि.

साहेब, मी सोलापूरचा, सिव्हिलचा डिप्लोमा करून साइट सुपरवायझर झालो, निम्मी नोकरी सेगमेंटल पुलांवर (काँक्रीटचे तुकडे जोडून बांधतात ते) गेली. आता पवनचक्क्या उंच होत चालल्यात, आणि एवढा उंच टॉवर अख्खा लोखंडाचा केला तर खालचा व्यास इतका मोठा होतो की सव्वाचार-साडेचार मीटरच्या पुढं ट्रेलर रस्त्यानं नेणंच मुश्किल, म्हणून खालचा भाग प्रीकास्ट, म्हणजे आधीच साच्यात ओतून ठेवलेल्या, काँक्रीटच्या रिंगांचा करतात. रिंगेवर रिंग, मधे इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून केलेला, घट्ट होणारा गोंद), मग पोलादी केबल ओढून सगळं आवळायचं. (काही टॉवरांत जॉइंट कोरडेच ठेवतात, ते वेगळं.)

टॉवर उभा ठेवते ती केबल, हे मान्य. पण इपॉक्सीचा २-३ मिलिमीटरचा थर दोन रिंगांमधली खाचखळगी भरतो म्हणून भार सगळीकडं सारखा पडतो, आणि पाणी आत केबलपर्यंत जात नाही. तो कुठं पोकळ राहिला की तेवढ्या जागी काँक्रीटवर जादा ताण, आणि वरचं पातं २०-२५ वर्षं फिरतच राहणार.

आता आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२-४३ ला जातो, उन्हात ठेवलेलं काँक्रीट तर त्याहून तापतं. रेझिन आणि हार्डनर एकत्र केलं की घड्याळ सुरू होतं, आणि साधारण १० अंश वाढले की हातातला वेळ निम्मा होतो. मोठी बादली एकदम कालवली तर मिश्रण स्वतःच्याच उष्णतेनं अजून लवकर घट्ट होतं. एका पुलाच्या कामावर भर दुपारी लावलेल्या इपॉक्सीवर साय धरलेली मी बघितलीय, क्रेन अडकली होती म्हणून सेगमेंट यायला उशीर झाला, मी म्हणलं खरवडून परत लावू, वरून आलं की बसवा, प्रोग्रॅम मागं पडतोय. बसवला. दाबल्यावर कडेनं इपॉक्सी बाहेर यायला हवं, ते आलंच नाही. ते अजून मनातून जात नाही, कारण बाहेरून बघून आता कुणालाच कळणार नाही.

म्हणून साहेब, टॉवरच्या मंजुरीत एवढं लिहून घ्या की प्रत्येक जॉइंटला काँक्रीटचं तापमान, कालवल्याची वेळ आणि रिंग दाबल्याची वेळ नोंदवायची, त्या तापमानाला चालणाराच इपॉक्सीचा ग्रेड वापरायचा, उन्हाळ्यात काम रात्री नाहीतर पहाटे करायचं, शटरिंग ऑइल (साच्याला लावतात ते तेल) आणि सिमेंटची साय घासून काढल्याशिवाय इपॉक्सी लावायचंच नाही, आणि वेळ उलटली तर माल फेकायचा, त्याचे पैसे सुपरवायझरच्या डोक्यावर नकोत. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, बाकीचं कागदावर बऱ्याच ठिकाणी असतंच.

आणि पोरांच्या हाताला ग्लोव्हज. हार्डनरनं कातडी सोलते, एकदा ॲलर्जी बसली की तो माणूस परत या कामाला येऊ शकत नाही. आयटीआयमध्ये याचा महिनाभराचा कोर्स काढला तर आमच्या जिल्ह्यातली पोरं घराजवळच शिकतील.

तुम्ही मे महिन्यात दुपारी २ वाजता कुठल्याही साइटवर या, थर्मामीटर मी आणतो.

आपला,
एक साइट सुपरवायझर, सोलापूर