उंबऱ्यातली म्हातारी आणि कलम ३५३

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका दाखल्यासाठी सरकारी कार्यालयात गेलो होतो. खिडकीच्या डोक्यावर लाल रंगात पाटी : ‘शासकीय कामात अडथळा आणल्यास भा.दं.वि. कलम ३५३ नुसार गुन्हा दाखल करण्यात येईल.’ १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत १३२ झाले, हे पाटीला कोणी कळवलेले दिसत नाही. खिडकीत माणूसच नव्हता, त्यामुळे अडथळा आणायचा तर नेमका कशात, हाही प्रश्नच होता.

मी दिवाणी न्यायालयात बेलीफ होतो. समन्स, जप्ती, ताबा यांपैकी काही ना काही घेऊन दारात येणारा नकोसा पाहुणा. त्यामुळे अडथळा म्हणजे काय ते मला चांगले ठाऊक आहे. एकदा एका वाड्यातल्या खोलीचे ताबा वॉरंट घेऊन गेलो, तर एक म्हातारी उंबऱ्यातच पाट टाकून बसलेली, मांडीवर सूप. ‘मला उचला आणि न्या काय न्यायचं ते,’ म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. बंदोबस्ताचा हवालदार कानाशी येऊन म्हणाला, ‘भाऊसाहेब, ३५३ घालू का?’ मी नको म्हणालो. ‘हरकत घेतल्याने ताबा देता आला नाही’ असा रिपोर्ट लिहिला आणि वॉरंट परत केले.

पुढे दरखास्तदाराने, म्हणजे ताबा मागणाऱ्या पक्षकाराने, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ९७ खाली अर्ज दिला. न्यायालयाने म्हातारीला बोलावून तू का अडवतेस, तुझा हक्क काय, असे विचारले, कागद पाहिले आणि मग निर्णय दिला. तिचे म्हणणे टिकले नाही, खोली गेली. पण अडवणाऱ्याचे आधी ऐकायचे, ही सोय त्या कायद्यात आहे.

फौजदारीत तिला हाच प्रश्न कधी विचारला गेला असता? दोषारोपपत्र, चार्ज, साक्षीपुरावा हे सगळे उरकल्यावर, आरोपीच्या जबाबात. तोवर काही वर्षे गेलेली असतात. आपल्या राज्यात तर २०१८ च्या दुरुस्तीने ३५३ ची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला. म्हणजे तालुक्यातल्या खिडकीवर झालेल्या बाचाबाचीसाठी आधी प्रकरण खालच्या न्यायालयातून सत्र न्यायालयाकडे वर्ग (कमिट) होणार आणि मग खून-दरोड्याच्या खटल्यांमागे रांगेत उभे राहणार. नव्या संहितेत शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली आहे, पण जुनी प्रकरणे जुन्याच कायद्याने चालायची आहेत.

या खटल्यांची फिर्याद मला आता तोंडपाठ आहे : ‘अंगावर धावून आला, शिवीगाळ केली, कॉलर धरून धक्काबुक्की केली व शासकीय कामात अडथळा आणला.’ नाव आणि तारीख बदलायची, बस्स. एका प्रकरणात मुद्देमालाचे पाकीट माझ्यासमोर फोडले. आत कॉलर ओढलेला म्हणून जप्त केलेला शर्ट, इस्त्रीच्या घडीत, सगळी बटणे जागच्या जागी. आरोपीच्या वकिलांनी एकेक बटण मोठ्याने मोजले. नंतर विचारले, त्या वेळी आपण नेमके कोणते काम करत होतात? फिर्यादी म्हणाले, जेवणाची सुट्टी होती. आरोपी सुटला, पण तोवर पोलीस भरतीचे त्याचे वय निघून गेले होते.

कायदा मुळात इतका सैल नाही. ३५३ काय किंवा १३२ काय, हल्ला किंवा बळाचा वापर लागतोच. नुसता आवाज चढवणे त्यात बसत नाही. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका दांपत्याने तक्रार लिहिली म्हणून त्यांच्यावर ३५३ लावले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो गुन्हा रद्द केला. बळ न वापरता केलेल्या अडथळ्यासाठी १८६, म्हणजे आताचे २२१, आहे. पण त्याची दखल न्यायालयाला घ्यायची तर त्या लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार थेट न्यायालयात यावी लागते, पोलिसांच्या दोषारोपपत्रावर भागत नाही. म्हणून फिर्यादीत कॉलर येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपसात मिटवावे म्हटले तर तेही जमत नाही. हा गुन्हा तडजोडपात्र नाही, म्हणून लोकअदालतीत ठेवता येत नाही. दोघांनी चहा पिऊन हात मिळवले तरी गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावे लागते. तो खर्च ज्याला झेपत नाही तो तारखा मोजतो. राजकीय आंदोलनांतले गुन्हे मागे घ्यायला शासन निर्णय निघतात. खिडकीवर एकटा भांडलेला माणूस कोणत्या आंदोलनात मोडतो?

वाळूच्या ट्रॅक्टरपुढे उभा राहणारा तलाठी, मार खाल्लेला एसटीचा वाहक, रात्रपाळीची परिचारिका यांना या कलमाचा आधार हवाच. मीही एकदा दगड खाल्ला आहे, कपाळावर खूण आहे. नुकसान खरे यांचेच होते. बटणवाल्या शर्टांच्या गर्दीत त्यांची प्रकरणे मागे पडतात, तोवर पंच फितूर होतात आणि खरा हल्लेखोरही सुटतो.

आता बहुतेक कार्यालयांत कॅमेरे आहेत. फिर्याद घेतानाच त्या वेळचे चित्रण आणि फिर्यादी कोणत्या कामावर होता याची नोंद पोलिसांनी ताब्यात घ्यावी. बळाचा वापर दिसत नसेल तर १३२ लावू नये, अधिकाऱ्याला २२१ खाली लेखी तक्रारीचा रस्ता दाखवावा. गृह विभागाच्या एका परिपत्रकाने एवढे होऊ शकते.

आणि ती पाटी रंगवायला कधीतरी रंगारी येईलच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे कोणती सेवा किती दिवसांत मिळेल आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे करायचे, हेही फलकावर लावायचे असते. त्या कार्यालयात मला ते कुठे दिसले नाही. रंगारी आलाच आहे तर तेवढे लिहून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त बेलीफ, जि. सातारा