समुपदेशकाची खोली वस्तीत हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी आठ-पंधरा दिवस भरभरून लिहिले जाते. मात्र ‘शाळांत समुपदेशक नेमा’ यापलीकडे मागणी सहसा जात नाही. नेमलेल्या समुपदेशकाने बसायचे कोठे आणि मुलाकडे पाहायचे कसे, या प्रश्नांसाठी न्यूयॉर्कमधील एका प्राध्यापकाचे काम आपल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

केनेथ क्लार्क हे तेथील सिटी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मेमी यांनी केलेले बाहुल्यांचे प्रयोग अनेकांना ठाऊक असतील. रंग सोडला तर अगदी सारख्या असलेल्या बाहुल्यांतून कृष्णवर्णीय मुलेही बहुधा गोरी बाहुलीच पसंत करत. १९५४ साली शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या लेखनाचा आधार घेतला. मला मात्र या दांपत्याचे कमी गाजलेले काम अधिक मोलाचे वाटते. हार्लेम या न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या मुलांसाठी सेवा सुरू करा, असे त्यांनी शहरातील संस्थांना विनवले. कोणी पुढे आले नाही. अखेर मेमी यांच्या वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन १९४६ साली त्यांनी तेथील एका निवासी संकुलाच्या तळघरात ‘नॉर्थसाइड’ हे केंद्र उघडले. आपल्या मुलांना शाळेने मतिमंदांच्या वर्गात घातले आहे, ते खरेच तसे आहेत का, हे विचारायला पालक तेथे येऊ लागले. तपासणीत त्यांपैकी अनेक मुलांचा बुद्ध्यांक त्या वर्गासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या वर निघाला. तेव्हा केंद्राने मुलांना वाचायला आणि गणित करायला शिकवले, आणि घर, शाळा व भेदभाव यांचा विचार वगळून केवळ मुलाच्या मनावर उपचार करणे अपुरे आहे, अशी भूमिका घेतली.

त्याच १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी द्यू बोइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्य नोंदवले होते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाहिलेल्या नाशिकला हार्लेम परके वाटू नये.

सातपूर परिसरात मी बरीच वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले. चौथीतल्या एका मुलाला सारे ‘ढ’ म्हणत आणि मीही पहिले दोन महिने त्याला मागच्या बाकावर बसू दिले, याची खंत आजही आहे. द्राक्षांच्या हंगामात त्याचे आईवडील निफाड, दिंडोरीकडे कामाला जात. त्या पायी त्याच्या तीन शाळा बदलल्या होत्या आणि जोडाक्षरे शिकायची राहूनच गेली होती. हाच मुलगा किती क्रेट भरले यावरून आईची मजुरी तोंडी सांगे. त्याला आधी वाचायला शिकवणारे कोणी हवे होते, आणि त्याच्या आईशी तिच्या सवडीने बोलणारे.

मानसिक आरोग्यासाठीची सरकारची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन उपयुक्त आहे, परंतु आपल्याला मदत हवी आहे हे ज्याला उमगले तोच तो क्रमांक फिरवणार. वस्तीतल्या आईला ते उमगण्याआधीच शाळेने तिच्या मुलावर शिक्का मारलेला असतो. नाशिकमध्ये आरोग्य विद्यापीठ आहे, मानसशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत, आणि महापालिकेच्या शाळांच्या खोल्या संध्याकाळी बंद असतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तेथे बसावे, मुलांची नीट तपासणी करावी, मागे पडलेल्यांना वाचन शिकवावे आणि आशाताई व अंगणवाडी सेविकांच्या ओळखीने घरोघरी जावे. महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात निदान दोन वस्त्यांसाठी ही तरतूद करावी, आणि या खोल्या संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ उघड्या ठेवाव्यात. कंपनीतली जनरल शिफ्ट संपवून वडील आणि धुण्याभांड्यांची कामे आटोपून आई घरी पोहोचते ती हीच वेळ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातपूर, नाशिक