सावलीत उभं राहून

१० सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं तेव्हा ग्रहणाचं जागरण अजून डोळ्यांत होतं. त्यात तुझा तो जुना टोमणा: "तुला सगळं आधीच ठाऊक असतं, मग बघायला कशाला जातोस?" उत्तर लगेच लिहायला बसलो होतो, पण रागाने लिहिलं असतं. आता जरा शांत आहे.

तू झोपला होतास, म्हणून सांगतो. ७ तारखेच्या रात्री निम्मा वेळ ढगांनीच खाल्ला. चंद्राची एक कड आधी नुसती मळकट झाली, काजळीचं बोट लागावं तशी. मग खरी सावली चढायला लागली. इथवर काही विशेष नाही. चंद्रकोर आपण एरवीही बघतो. पण शेवटची चकचकीत किनार विझली आणि चंद्राची थाळी नाहीशी झाली. तिथे एक गोळा होता! तांबूस, जड, कशालाही न टांगलेला. पौर्णिमेच्या उजेडात बुडालेले तारे त्याच्या आजूबाजूला एकेक करून वर आले. खग्रास अवस्था ८२ मिनिटांची होती. त्यातली माझ्या वाट्याला वीस-पंचवीस आली असतील. मानेवरचे केस उभे राहिले होते, आणि सावलीचं सगळं गणित डोक्यात असूनही ते खाली बसेनात.

तेव्हा वाटलं, ज्यांच्याकडे हे गणित नव्हतं त्यांनी काय केलं असेल? गंमत बघ, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांना सारखंच सुचलं: कोणीतरी त्याला खातंय. उत्तर युरोपात लांडगे, इंका लोकांत जग्वार. चिनी भाषेत ग्रहणाच्या शब्दात आजही 'खाणं' आहे. आपला शब्द त्यामानाने सौम्य. ग्रहण म्हणजे धरणं. आणि ज्ञानही आपण 'ग्रहण'च करतो, पोराची ग्रहणशक्ती चांगली आहे म्हणतो. भाषेने हे ठरवून केलेलं नसणार. तरी त्या रात्री मला ते फार नेमकं वाटलं, कारण माणसाला जे धरता येत नाही त्याला तो आधी गोष्टीने धरतो.

राहूचंच घे. धड नसलेलं डोकं. गिळतं, पण पोटच नाही म्हणून चंद्र पुन्हा बाहेर. ज्याने रचलं त्याने ग्रहण शेवटपर्यंत नीट पाहिलं होतं, सुटकेसकट! आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास स्वच्छ सांगितलं की चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली. मग राहूचं काय झालं? त्याला हाकलून दिलं नाही, कामाला लावलं. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी तिरकी आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. दोन्ही वाटा जिथे छेदतात त्या दोन बिंदूंजवळ पौर्णिमा आली तरच सापडतो. त्या बिंदूंची नावं राहू आणि केतू. राक्षस गेला, त्याच्या नावाने गणित चालू राहिलं. मला ही तडजोड फार आवडते. गोष्ट खोटी ठरली तरी तिने बोट ठेवलेली जागा खरीच होती.

गणित हाती असलेला माणूस मोठा होतोच असं मात्र नाही. कोलंबस जमैकात अडकून पडला होता, जहाजं किड्यांनी पोखरलेली, स्थानिक लोकांनी अन्न देणं थांबवलेलं. त्याच्याजवळच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १५०४ चं चंद्रग्रहण छापलेलं होतं. त्याने लोकांना सांगितलं, माझा देव रागावलाय, आज रात्री चंद्र बघा. चंद्र लाल झाला आणि लोक अन्न घेऊन धावत आले. बरोबर असलेल्या त्याच्या मुलानेच हे लिहून ठेवलंय. त्या रात्री किनाऱ्यावर खरं नवल कोणी अनुभवलं? घाबरलेल्यांनी, असं माझं मत. तारीख ठाऊक असलेला घड्याळ बघत बसला होता.

तू मला त्या घड्याळवाल्यांत ढकलतोस, म्हणून चिडलो होतो. 'राहूने गिळलं' म्हणून डोळे मिटणारा आणि 'सावली आहे, त्यात काय' म्हणून घरात जाणारा, मला दोघे सारखेच. दोघांचंही बघणं थांबलेलं.

कारण सावली आहे म्हटल्यावर तर खरं सुरू होतं. कोणाची सावली? आपली! चंद्रावर सरकणारी ती गोल कड पाहून ॲरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचा पुरावा दिला. ही सावली सुमारे १४ लाख किलोमीटर लांब सुळका आहे, आणि आपण रोज ज्याला रात्र म्हणतो तो याच सुळक्याचा बुडखा. मी गच्चीत त्याच्या तळाशी उभा होतो आणि दुसरं टोक चंद्राच्याही पलीकडे गेलेलं. तो तांबडा उजेडही आपल्याच हवेतून वाकून गेलेला. त्या घडीला पृथ्वीच्या कडेने जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत होता, तिथलाच. हवा बिघडली की तोही बिघडतो. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरातल्या ग्रहणात चंद्र इतका काळवंडला की जवळजवळ दिसेनासा झाला.

हे सगळं आधीच वाचलेलं होतं. पण वाचलेलं अंगावर यायला रात्र जागावी लागते, एवढंच तुझ्या टोमण्याला उत्तर.

ग्रहणाची वाट न बघताही ही सावली दिसते, हे तुला कधी दाखवलंय का? आकाश निरभ्र असेल तेव्हा सूर्य मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पाठ फिरव. सगळे पश्चिमेचे रंग बघतात, तू पूर्वेकडे बघ. क्षितिजाला लागून करड्या निळ्या रंगाचा पट्टा वर चढताना दिसेल, त्याच्यावर फिकट गुलाबी किनार. तो पट्टा म्हणजे हीच सावली. बघून कळव, आणि दिसला नाही तर तसंही कळव.

आणि ३१ डिसेंबर २०२८ ची रात्र आत्ताच माझ्या नावावर लिहून ठेव. खग्रास आहे, तासाभराहून जास्त. त्या रात्री तू जागा असतोसच, फक्त या वेळी गच्चीवर यायचं. घोंगडी मी आणतो.

तुझा,
जुना जागरणाचा सोबती