रामटेकचा गड, तुमच्यासाठी पाहून ठेवलेला

रामटेक,
रविवार, संध्याकाळ

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न.

"रामटेकचा गड आता आमच्यानं होत नाही," असं आई परवा फोनवर म्हणाली. म्हणून आज मुद्दाम अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांनी चढून पाहिलं. आई, तुझं खरं आहे, इकडून येऊच नका. दगड झिजून गुळगुळीत झालेत. मलाच चारदा बसावं लागलं. त्यात एका वांदरानं साखरफुटाण्यांची पुडी ओढून नेली आणि समोर बसून एकेक दाणा वेचून खाल्ला.

वर आधी लक्ष्मण, मग राम. बाबा, तुमचा दगडी वराहही जागच्या जागी आहे. "पापी माणूस अडकतो," असं सांगून लहानपणी तुम्ही मला त्याच्या पोटाखालून काढलं होतं ना? आज पुन्हा शिरले आणि अडकले! पाठीवरची पिशवी काढायची राहिली होती. मागच्या म्हातारीनं मला ओढून काढलं नि म्हणाली, "पाप नाही व बाई, वजन वाढलं."

पण पत्र लिहायला बसले ते केवल नरसिंहासाठी. आपण दरवेळी रामाच्या घाईत ते देऊळ मागे टाकायचो. पाचव्या शतकातलं, वाकाटकांचं. त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे इथलं जवळचं नगरधन. भिंती अगदी साध्या, आणि आत एक गुडघा उभा करून ऐसपैस बसलेला भलामोठा नरसिंह. तिथं भिंतीत ब्राह्मी लेख आहे, पार झिजलेला. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी; नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावानं तिनं राज्य चालवलं. तिच्या लेकीनं आईच्या पुण्यासाठी देऊळ बांधलं, असं अभ्यासक त्या लेखावरून सांगतात. मला एक अक्षर लागलं नाही, तरी पाय निघेना.

तर बाबा, गाडी मागच्या रस्त्यानं बरीच वर येते आणि नरसिंह त्याच बाजूला आहे. तो नक्की होईल. पुढं राम जमला तर जमला, नाहीतर तिथूनच हात जोडू. त्रिपुरीची गर्दी ओसरली की न्यायला येते. आई, निघताना गुडघ्याचा पट्टा विसरू नको.

इथली पानं ओल्या फडक्यात बांधून ठेवलीत. बाबांना सुपारी मात्र बारीक कातरून दे.

तुमची,
बेबी