तुम्ही उत्तर दिलं नाहीत, त्याबद्दल

आदरणीय सुभेदार साहेब,

जय हिंद.

तुमच्या निरोपाच्या दिवशी मी सॅल्यूट केला आणि गप्प उभा राहिलो. बोललो असतो तर सगळ्यांसमोर गळा दाटून आला असता. ते राहिलेलं आज सगळ्यांदेखत लिहितो आहे. गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. ती शेवटी सांगतो.

ज्या सेक्शनमध्ये, म्हणजे प्लाटूनमधल्या छोट्या तुकडीत, मी शिपाई म्हणून आलो, त्याच सेक्शनचा हवालदार झालो, हे तुम्हाला आठवत असेल. बाहीवर तिसरी फीत चढली तेव्हा टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. एक वरिष्ठ म्हणाले, "आजपासून यारी-दोस्ती बंद. पोरं टरकली पाहिजेत." दुसऱ्यांनी सामानाचं रजिस्टर पुढे केलं, सही घेतली आणि निघून गेले. त्या दोघांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. बढतीसाठीच्या कॅडर कोर्समध्ये नकाशा शिकवला, हत्यारं शिकवली, हुकूम कसा द्यायचा तेही शिकवलं. पण ज्याच्यासोबत एका मोर्च्यात, म्हणजे खंदकात, अख्खा पावसाळा काढला त्याला आज 'नाही' कसं म्हणायचं, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. ते ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तोंड उघडलं नाही.

मग मी दोन्ही चुका केल्या. पहिल्या आठवड्यात माझ्या बॅचच्या मित्राला रात्री दोन ते चारच्या पहाऱ्यातून वाचवलं. बाकीच्या पोरांच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांचे चेहरे बघून मी घाबरलो आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच मित्राला फॉलिनमध्ये, म्हणजे रांगेत उभं असताना सगळ्यांसमोर, बुटांच्या एका लेसवरून नको नको ते बोललो. तो काही बोलला नाही. सेक्शन माझ्याशी बोलायचंच थांबलं. हुकूम पाळले जात होते, पण मी बॅरेकमध्ये शिरलो की गप्पा तुटायच्या. काही अडलं की पोरं मला वळसा घालून थेट तुमच्याकडे यायची.

तशातच रात्रीच्या गस्तीचा तो सराव आला. निघण्याआधी तुम्ही आमच्या सेक्शनजवळ येऊन उभे राहिलात. सगळ्यात नव्या पोरानं तुम्हालाच विचारलं, "साहेब, परतताना याच वाटेनं यायचं का?"

उत्तर तुमच्या जिभेवर असणार. तीन शब्दांत काम झालं असतं. पण तुम्ही त्या पोराकडून नजर काढलीत, मान माझ्याकडे वळवलीत आणि थांबलात. मला पुढे केलं नाहीत, काही सुचवलं नाहीत, भुवईसुद्धा हलवली नाहीत. उत्तर माझ्याकडेच असणार याबद्दल तुम्हाला जराही शंका नाही, असे उभे राहिलात. चार-पाच सेकंद गेले असतील. तुमच्या मागोमाग एकेक करून सेक्शनमधल्या सगळ्या मानाही माझ्याकडे वळल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझी माणसं माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "नाही. गेलो त्या वाटेनं परत यायचं नाही. नाल्याची उजवी कड धरायची."

तुम्ही त्या पोराला एवढंच म्हणालात, "ऐकलंस ना?" आणि अर्धं पाऊल मागे सरकलात.

साहेब, ते अर्धं पाऊल मी किती वेळा आठवलं असेल! तुम्ही उत्तर दिलं असतंत तर कुणाला काही वावगं वाटलं नसतं. माझी कानउघाडणी केली असतीत तरी ती रास्तच ठरली असती, कारण बुटांच्या लेसची गोष्ट तोवर तुमच्या कानावर आलेली होती. तुम्ही माझी इज्जत मला परत दिलीत, आणि दिलीत हे कुणाला कळूही दिलं नाहीत.

सराव संपल्यावर मध्यरात्री तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि विचारलंत, "हवालदार म्हणजे काय रे?" मी फिती आणि हुद्दा सांगू लागलो. तुम्ही म्हणालात, "ते नव्हे. ज्याच्या हवाली केलंय, तो हवालदार." शिवकाळात पागेतल्या पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर, एक हवालदार असे, तेव्हापासून हा शब्द माणसं सांभाळतो आहे, हेही सांगितलंत. बाहेरच्या सैन्यांत ज्याला सार्जंट म्हणतात, त्या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'सेवा करणारा' या शब्दात आहे, हे मला कितीतरी नंतर समजलं. तेव्हा पहिली आठवण तुमची आली. माझ्या हवाली कोण आहे, एवढंच तुम्ही त्या रात्री विचारलं होतंत.

बाकीचं तुम्ही चालता चालता बोललात. पहाऱ्याची यादी करताना दोन ते चारच्या रकान्यात आधी स्वतःचं नाव लिही, मग दुसऱ्याचं. मित्राला नकार द्यायचा असेल तर फॉलिनच्या आधी, एकट्याला गाठून दे. रजा मंजूर करणं तुझ्या हातात नाही, तेव्हा वचन देऊ नकोस. पण अर्ज त्याच दिवशी वर पोचवणं तुझ्याच हातात आहे. पायी मार्चनंतर स्वतःचे बूट काढण्याआधी पोरांचे पाय बघ, फोड आलेला जवान स्वतःहून सांगत नाही. आणि जे सगळ्यात अवघड गेलं ते हे, की न आवडलेला हुकूम पोरांना सांगताना 'वरून आलाय' म्हणायचं नाही. शंका असेल तर ती आधी वर जाऊन मांडायची. तिथून निघालास की तो हुकूम तुझा. हे शिकायला मला दोन वर्षं लागली. 'मी काय करू, साहेबांनीच सांगितलंय' असं म्हटलं की त्या क्षणी आपण पोरांचे लाडके होतो, आणि पुढच्या वेळी आपला कुठलाच हुकूम आपला राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मित्राची माफी मागितली. त्याला फॉलिनमध्ये बोललो होतो, म्हणून माफीही फॉलिनमध्येच मागितली. ते तुम्ही सांगितलं नव्हतं, पण तुमच्याकडे बघून सुचलं.

फौजेत शूर माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांचा मान मोठाच आहे. पण ज्याच्या हातात दुसऱ्याला सहज लहान करायची ताकद आहे आणि जो ती वापरत नाही, असा माणूस विरळा. त्याला पदक नसतं आणि त्याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होत नाही. अशा एका माणसाच्या हाताखाली वर्ष-दीड वर्ष काढलं, तरी पुढची सगळी नोकरी माणूस सरळ चालतो. माझ्या वाट्याला तुम्ही आलात. तुमच्याआधी जे आले त्यांच्यासारखाच मी झालो असतो, फार थोडक्यात वाचलो. त्या विचारानं अजून अंगावर काटा येतो.

आता गेल्या आठवड्याची गोष्ट. मी नायब सुभेदार झालो, हे तुम्हाला कळलं असेलच. माझ्या प्लाटूनमध्ये एक पोरगा नुकताच हवालदार झालाय. त्याच्यादेखत त्याच्या सेक्शनच्या एका जवानानं मला काहीतरी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, ओठावर आलंही होतं. मी मान वळवून नव्या हवालदाराकडे पाहिलं आणि थांबलो. त्याचा घसा कोरडा पडलेला मला दिसला. मग तो बोलला, आणि बरोबर बोलला.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "साहेब, तुम्हाला ठाऊक होतं ना? मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

मी त्याला बसवून घेतलं आणि तुमचं नाव सांगितलं.

तुमचा,
एके काळचा तुमच्या प्लाटूनचा हवालदार