कबूल केलेली बाकी तरी मिळू द्या: केंद्रीय विधी व न्यायमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

काल पुन्हा तारीख पडली. न्यायाधीश रजेवर होते. अडीच तास बाकावर बसून घरी आलो आणि हे पत्र लिहायला घेतलं.

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे. एका मोठ्या कंपनीकडे माझे ११ लाख ४२ हजार रुपये अडकलेत. ही बाकी बरोबर असल्याचं त्यांच्याच अकाउंट्सने लेटरहेडवर लिहून दिलंय, सही आणि गोल निळ्या शिक्क्यासकट. मूळ कागद कोर्टात आहे. माझ्याकडची झेरॉक्स इतक्यांना दाखवली की घडीवर फाटलीय.

दाव्याआधीची मध्यस्थी मला सक्तीची होती. कंपनी फिरकलीसुद्धा नाही. मग कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, पहिल्यांदाच म्हणाली, ४ लाखांचा माल रिजेक्ट होता. ठीक आहे, तेवढ्याचा पुरावा होऊ द्या. पण उरलेले ७ लाख ४२ हजार त्याच कैफियतीत कबूल आहेत!

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या आदेश १२, नियम ६ प्रमाणे कबूल रकमेपुरता निकाल कुठल्याही टप्प्यावर देता येतो. २०१५ च्या कायद्याने कमर्शियल कोर्टात तोंडी पुराव्याशिवाय झटपट निकालाची सोय आणली, २०१८ ला ती ३ लाखांपासूनच्या दाव्यांना मिळाली. आम्हा लहान लोकांना तेव्हा केवढा आधार वाटला होता. पण नियम म्हणतो, न्यायालय निकाल देऊ 'शकते'. त्या एका 'शकते'वर कबूल रकमेच्या निकालासाठीचा माझा अर्ज १४ महिने पडून आहे.

त्या बिलांवरचा जीएसटी मी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरला, पैसे हातात नसताना. बँकेचा हप्ता एक दिवस चुकला तर फोन येतो. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत आहेत. दिवाळीला बोनस देता आला नाही, म्हणून १२ वर्षं माझ्याकडे असलेला ऑपरेटर सोडून गेला. जाताना मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला, एक शब्द बोलला नाही. सरकारचं देणं आम्ही दिवस मोजून द्यायचं आणि आमचं येणं मात्र वर्षानुवर्षं लटकवायचं, हा कुठला न्याय?

कबुलीवरचा अर्ज ६० दिवसांत निकाली निघालाच पाहिजे, अशी दुरुस्ती करा. नाकारायचा असेल तर कारणं लेखी हवीत. आणि कबूल रक्कम कोर्टात भरल्याशिवाय प्रतिवादीला पुढे लढू देऊ नका.

माझ्या उरलेल्या तीन कामगारांचा पगार ७ तारखेला आहे. कोर्टाची तारीख २३.

आपला,
शिरोलीतील एक लघुउद्योजक